रविवारची आठवण, पुस्तकं वाचून या

मंडळी, रविवारी ५ वाजता भेटतोय, दोन्ही पुस्तकं जमतील तेवढी वाचून या. 'द लॉस्ट डॉग्ज' म्हणजे २००७ मध्ये व्हर्जिनियात झुंजीच्या अड्ड्यावरून सोडवलेल्या पिटबुल कुत्र्यांची गोष्ट, सुरुवातीची पानं फार जड जातात पण सोडू नका प्लीज, कारण त्यातलाच जॉनी पुढे थेरपी डॉग झाला आणि लहान मुलं शेजारी बसून त्याला गोष्टी वाचून दाखवायची, मला तर रडूच आलं. दुसरं 'द ब्रेक्स ऑफ द गेम', पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या अमेरिकन बास्केटबॉल टीमचा १९७९-८० चा सीझन, जाडजूड आहे, अर्धं झालं तरी चालेल. लायब्ररीची कॉपी ज्यांच्याकडे आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत पुढे द्या, दोघं थांबलेत. आणि पानं दुमडू नका, खुणेला बसचं तिकीट घाला.