नारिताचं विमान आणि उफणणीचा वारा

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

बाबा, मालाचं विमान उतरताना उलटल्याचा तो जुना व्हिडिओ पाहून तुम्ही म्हणालात, "माल सरकला असणार, ट्रॉलीतल्या उसासारखा." पण विमानात माल सुटा भरत नाहीत. ८८ बाय १२५ इंचांच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तो रचतात, वरून जाळी आवळतात आणि पत्रा तळाच्या खिट्ट्यांत अडकवतात. एका पत्र्यावर पावणेसात टनांपर्यंत भार चालतो. माल सुटून विमान पडलं ते २०१३ मध्ये, अफगाणिस्तानातल्या बगरामला. चिलखती गाड्या बांधलेले पट्टे निसटले होते, पण ते उड्डाण करताना.

तुमचा व्हिडिओ जपानमधल्या नारिताचा, २३ मार्च २००९ चा. चीनमधल्या ग्वांगझूहून सकाळी सातच्या आत आलेलं, फेडएक्स या माल वाहणाऱ्या कंपनीचं एमडी-११ जातीचं विमान. वारा २६ नॉट, झोत ४० नॉटचा. म्हणजे ताशी ४८ किलोमीटरवरून एकदम ७४. लोक आडव्या वाऱ्याला भितात, पण इथे वारा जवळजवळ समोरूनच होता. घात झोतांनी केला.

खळ्यात तिवईवर उभं राहून ज्वारी उफणताना झोत मध्येच पडला की भूस सरळ राशीवर येतं, तसंच हे. पंखांना उचलून धरतो तो समोरचा वारा. जमीन जवळ आल्यावर तो पडला की विमान धपकन खाली बसतं. म्हणून टेकण्याआधी नाक अलगद वर घ्यायचं असतं, म्हणजे उतरण्याची गती मोडते. तिथे ते उशिरा झालं. चाकं आपटली, विमान उसळलं आणि नाक खाली दाबलं गेलं. मोटारीत ब्रेक दाबावा तशी ती सवय, पण इथे जीवघेणी. नाकावर भार देतच ते दुसऱ्यांदा टेकलं, आणखी उसळलं, आणि तिसऱ्यांदा डाव्या चाकांवर आदळलं.

आता रोटाव्हेटरचा तो तुटायचा बोल्ट आठवा, गिअरबॉक्स वाचावा म्हणून बसवलेला. विमानाच्या चाकाच्या खांबालाही तशाच पिना असतात. जादा भार आला की पिना तुटाव्यात, खांब सुटावा आणि पंखातली टाकी शाबूत राहावी. पण इथे भार सरळ खालून वर आला. पिना तुटल्या नाहीत, पंखच मोडला. इंधन सांडून पेटलं, विमान उलटं झालं. दोन्ही वैमानिक गेले. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या नेवार्कला याच जातीचं विमान असंच उसळून उलटलं होतं. त्यातले पाचही जण वाचले. एमडी-११ ची शेपटाची आडवी पाटी आधीच्या डीसी-१० विमानापेक्षा लहान आहे आणि ते उतरतंही वेगाने, त्यामुळे चूक सावरायला वेळ कमी मिळतो. माझ्या मते तरी दोष एकट्या वैमानिकाच्या माथी मारू नये.

उसळी बसली की नाक दाबायचं नाही, आहे त्या ठेवणीत धरायचं. उसळी लहान असेल तर थोडी ताकद देऊन टेकवायचं. मोठी असेल तर पूर्ण ताकद देऊन वर निघायचं.

आई, चिकलठाण्याला वळवाच्या पावसात उतरता उतरता वर गेलेलं विमान पाहून तू घाबरली होतीस ना? ते हेच. फेरी मारून पुन्हा येतं, नाहीतर दुसऱ्या विमानतळावर जातं. तिथवरचं आणि वर अर्ध्या तासाचं इंधन आधीच भरलेलं असतं.

तुमची लेक