पोरांना जेवू घाला, पण फोटो काढू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात नारायण पेठेत माझी मेस आहे. जेवायला येणारी बहुतेक पोरं-पोरी बीड, लातूर, धाराशिव, नांदेडकडची, कोणी कॉलेज करतंय कोणी एमपीएससी. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने उभी पिकं गेली, आणि असं झालं की पुढे काय होतं ते आम्हा मेसवाल्यांना लगेच दिसतं. दोन वेळची मेस एक वेळची होते, मग महिन्याचे पैसे भरायचं बंद करून पोरं सुट्टं ताट घ्यायला लागतात, मग दोघांत एक डबा. विचारलं की म्हणणार, "काकू, डाएट चालूय."

अशा वेळी बरेच लोक मदत करतात, त्यांचे खरंच आभार. पण एका ग्रुपने कूपन वाटायला पोरांना बोलावलं, मागे मोठा बॅनर, एकेकाला पुढे बोलावून कूपन हातात देताना फोटो, आणि संध्याकाळपर्यंत ते फोटो व्हॉट्सॲपवर फिरत गावात पोचले. एका पोराला घरून फोन आला की आपण काय भिकारी आहोत का. त्याने कूपन परत केलं आणि मेसला यायचंच सोडलं. भूक काय कमी झाली होती का त्याची?

हीच पोरं आठवीपर्यंत झेडपीच्या शाळेत रांगेत बसून खिचडी खात होती, तेव्हा कोणाला लाज वाटली नाही कारण ती अख्ख्या वर्गाला मिळायची. शाळेतलं जेवण आठवीला संपतं, भूक थोडीच संपते, उलट या वयात जास्त लागते.

आणि आपण तरी कसे बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा गेलं, पण सगळ्या जातीची पोरं एकत्र जेवली. वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी जेवून शिकलेल्या जुन्या लोकांच्या गोष्टी तर पुण्यात घरोघरी अभिमानाने सांगतात. मग आजच्याच पोराला फुकट्या का म्हणायचं? स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात एससी आणि नवबौद्ध मुलांना जेवणाचे वर्षाला 32,000 रुपये मिळतात, तेही हॉस्टेलला नंबर लागला नाही तर, दहा महिन्यांवर वाटले तर 3,200 होतात म्हणजे साध्या मेसपुरतेच, आणि खात्यात कधी पडतील याचा भरवसा नाही. तरी रूममधली पोरं त्यांना सरकारचे जावई म्हणतात. मला फार राग येतो या शब्दाचा. 10 रुपयांची शिवभोजन थाळी आहे, पण काही पोरं कॉलेजजवळच्या केंद्रावर जात नाहीत, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून लांबच्या केंद्रावर चालत जातात.

माझ्याकडे आता एकच पद्धत आहे. ज्यांना मदत करायचीय त्यांनी पैसे माझ्याकडे भरायचे, पोराला कार्ड इतरांसारखंच, वहीत नोंद तशीच, खाडे म्हणजे न जेवलेले दिवसही तसेच धरायचे, कोणाचे पैसे कोणी भरले ते फक्त मला माहीत. देणाऱ्याला हिशोब मिळतो, नाव मिळत नाही. काहींना हे पटत नाही, ते दुसरीकडे जातात, जाऊ देत.

कॉलेजांनी पण एवढं करावं, मदत मिळालेल्यांची यादी नोटीस बोर्डवर लावू नये, मुलाला सगळ्यांसमोर ऑफिसात बोलावू नये, मेसेज करावा आणि पैसे सरळ मेसवाल्याला द्यावेत. आणि तुम्हाला एक विनंती, अशा वाटपाची बातमी जरूर छापा, देणाऱ्यांची नावं पण छापा, फक्त कूपन घेणाऱ्या पोरांचे चेहरे छापू नका.

आपली,
एक मेसचालक, नारायण पेठ, पुणे