विषय: ६० मिलीची गडद निळी शाई आणि "हात लावू नका सर"

मॅनेजर साहेब,

तुमच्या कस्टमर केअरचा चौथा फोन आत्ताच ठेवलाय, डोकं थंड व्हायच्या आत लिहितोय. बाटलीवर "नवा फॉर्म्युला, जास्त गडद" असं तुम्हीच छापलंय, म्हणजे आत रंग वाढवलाय हे मी तुम्हाला सांगायला नको. जास्तीचा रंग कागदात मुरत नाही, वरच थर धरून बसतो आणि घामाचं बोट लागलं की उठून येतो, हेही तुम्हाला ठाऊक असणारच. नसेल तर बाटल्या भरता कशाला?

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. जुलैत इथं पाऊस लागला की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. आमच्या मंडळाच्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पोरांच्या गुणगौरवाची सर्टिफिकेटं मी हातानं लिहितो, ९ वर्षं झाली, तुमच्याच शाईनं. यंदा ११२ होती. निम्मी लिहून रात्रभर पसरून ठेवली, सकाळी गठ्ठा करताना अंगठा लागला आणि एका पोरीचं अख्खं आडनाव फासून कडेला गेलं. कार्ड गुळगुळीत असतं, मान्य. पण जुनी शाई त्याच कार्डावर वाळायची की ओ!

पहिला फोन. "थोडं पाणी घाला." किती? "अंदाजे." नळाचं का डिस्टिल्ड? "कुठलंपण चालेल." घातलं निम्मं, रंग धुण्याच्या निळीसारखा फिकट. दुसऱ्या फोनला म्हणे ग्लिसरीन घाला, चमक राहील. अहो, ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून धरतं, खानापूरच्या जुलैत ते शाईत घालायचं म्हणजे पुरात घागर घेऊन पाणी शोधायला जाणं. तिसऱ्या फोनला नुसतं संगीत ऐकवलं.

आणि आजचा चौथा. कन्नडला १, इंग्लिशला २, हिंदीला ३, मराठीला काहीच नाही, ते एक सोडा, त्याची सवय आहे आम्हाला. २५ मिनिटं थांबल्यावर एक पोरगा आला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, कार्ड, पाऊस, रंगाचा थर, सगळं. तो मध्ये हं-हं करत होता, मला वाटलं लिहून घेतोय. मग म्हणाला, "सर, लिहिल्यावर तुम्ही हात लावताय का?" म्हटलं गठ्ठा करायला लावावाच लागतो. "मग लावू नका सर." मी गप्पच बसलो. परत म्हणाला, "सर, पंखा लावा." म्हटलं करंट गेलाय. तर म्हणतो, "मग बॉलपेन वापरा ना सर, काय प्रॉब्लेम आहे?" शाईच्या कंपनीचा माणूस! वर "अजून काही मदत हवी का सर?" काय मदत करणार, सर्टिफिकेटं पायानं उचलू?

शेवटी मीच बसून हिशेब काढला, तुमचं काम, तुमच्या पगाराशिवाय. मेडिकलमधून सिरिंज आणली, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. ९ मिली शाईत १ मिली पाणी, रंग डोळ्याला तेवढाच दिसतो, थर मात्र पातळ बसतो. ३ मिली घातलं की फिकट. भांड्याच्या लिक्विडचा टूथपिकच्या टोकावर मावेल इतका अंशही घालून बघितला, रजिस्टरच्या कागदात शाई पटकन मुरते, पण जरा जास्त झालं की अक्षराला मुळ्या फुटतात. आणि कार्डावर तर उलटंच, पेन जास्त शाई सोडतं आणि वाळायला आणखी वेळ. म्हणून कार्डाला नुसतं पाणी आणि बारीक निब. एवढं चार ओळीत बाटलीसोबत छापायला काय जातं तुमचं? "जास्त गडद" छापायला जागा मिळाली, "कुठलंपण पाणी" सांगायला माणूस मिळाला!

बाटलीचे ३२० आणि वाया गेलेल्या ३१ कार्डांचे पैसे परत पाहिजेत, आणि जुना फॉर्म्युला अजून कुठल्या दुकानात मिळतो ते लेखी पाहिजे. १५ दिवसांत उत्तर नाही आलं तर बेळगावात जिल्हा ग्राहक आयोगात जातो, ५ लाखाच्या आतल्या मालाला तिथं फीसुद्धा नाही. वडील तुमचीच शाई वापरायचे म्हणून इतकी वर्षं दुसरी बाटली घरात आणली नव्हती, तेवढ्यासाठी जास्त वाईट वाटतंय.

सोबत एक खराब झालेलं कार्ड पाठवतोय. लिहून दोन आठवडे झालेत. तुमचा माणूस नको म्हणाला तरी एकदा अंगठा लावून बघा.