पारडसिंग्याच्या ताईंना, बियांच्या राखीबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पदरात बांधून दिलेली सरकी आमच्या धुऱ्यावर उगवली. बोंडं लहान आली, रुई आखूड निघाली, पण निघाली. त्या रुईच्या यंदा घरी राख्या झाल्या. आभार तेव्हाच मानायला हवे होते. ते आज चारचौघांत मानते.

सौंसरकडच्या तुमच्या गावात ग्राम आर्ट प्रोजेक्टच्या बाया देशी कापूस हातानं कातून, त्यात बी गुंफून राख्या करतात, एवढं शहरात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. राखी कुंडीत पेरायची, रोप आलं की फोटो काढायचा. छान आहे ते. पण मनगटावरच्या त्या दागिन्यात बी कुणाच्या हातात राहावं याचं एक भांडण बांधलेलं आहे, ते मला तुम्ही दाखवलंत.

२००२ साली बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली. जनुक मोन्सँटो या अमेरिकी कंपनीचं, बियाणं जालन्याच्या महिको कंपनीचं. आपल्याकडे ते संकरित वाणातच आलं. संकरित पिकाची सरकी पुन्हा पेरली तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दर मृगाला दुकान गाठायचं. स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या कायद्यानं दिलेला आहे. पण राखण्याजोगं बीच घरात उरलं नाही, तर तो हक्क घेऊन करायचं काय? २०२५ मध्ये बीजी-२ म्हणजे दोन जनुकांच्या बीटी बियाण्याच्या ४७५ ग्रॅम पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. आणि ज्या बोंडअळ्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांतली गुलाबी बोंडअळी त्या बीटीला कधीच पचवून बसली. २०१७ साली विदर्भानं ते भोगलं.

माझा भाऊ मात्र तुमच्याशी वाद घालायलाच बसला होता. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी तणनाशक सहन करणारं, सरकारी मंजुरी नसलेलं कपाशीचं बियाणं उघडपणे पेरलं, त्यांच्या बाजूचा तो. निंदणाला मजूर मिळत नाहीत, देशी कपाशीला गिरणी भाव देत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तुम्ही ते खोडलं नाहीत. एका राखीनं कंपनीचं काय बिघडतं, असं त्यानं विचारल्यावर तुम्ही हसून म्हणालात, "कंपनीचं काई नाई बिघडत भाऊ, पन बी माह्या घरात राह्यते ना." तो गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे, पण सरकी घरी घेऊन आला तो तोच.

टकळीवर हात धरून शिकवलंत, त्याचे आभार वेगळे. आखूड धाग्याला ओढ जास्त दिली की तुटतो; पीळ आधी, ओढ नंतर, हे तुमच्या बोटांकडे पाहूनच कळलं. बी गाठीत घट्ट आवळायचं नाही, तेही. माझी गाठ अजून ओबडधोबडच येते. शेजारच्या मुलींना ती तशीच आवडली. त्यांनी पायात बांधायला पैंजणासारखे धागे करून मागितले.

थोडी रुई या पत्रासोबत पाठवते आहे. तुमच्याकडे अंबाडीचं गावरान बी उरलं असेल तर मूठभर ठेवा. भाऊ दिवाळीनंतर त्या बाजूला येणार आहे. वाद घालेल, पण घेऊन येईल.

तुमची,
काटोलकडची एक शिष्या