ए-३ पोस्टर फ्लेक्सवर ताणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उत्सव तोंडावर आले की मंडळे, वाचनालये, शाळा एकाच फाइलमधून हातपत्रक, पोस्टर आणि फ्लेक्स असे सगळेच छापून घेतात. त्यात सर्वांत जास्त हाल देवनागरी अक्षरांचे होतात, म्हणून हे पत्र.

ए मालिकेतले सगळे कागद रुंदी-उंचीच्या १ : १.४१४ याच प्रमाणातले. त्यामुळे ए-४ वरून ए-३ ला १४१ टक्के, ए-३ वरून ए-५ ला ५० टक्के केले की मांडणी चारही बाजूंनी बसते. १२ × १८ इंची डिजिटल छपाईचा कागद आणि २ × ३ फुटी फ्लेक्स मात्र १ : १.५ चे. ए-३ ची फाइल २०५ टक्के केली की फ्लेक्सची रुंदी भरते, उंचीत पाच सेंटिमीटर जागा उरते. ती भरायला फाइल उभी ओढतात आणि पाहुण्यांचे चेहरे सहा टक्क्यांनी लांबट होतात. त्याऐवजी पार्श्वभूमी वाढवावी, मजकुराच्या गटांत अंतर सोडावे. १० × ८ फुटी आडव्या फलकाला तर मांडणी नव्यानेच करावी लागते.

लहान करताना वेगळा घोटाळा होतो. मथळ्याला पांढरी आउटलाइन असते. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’वर टिक नसेल तर अक्षर निम्मे होते, आउटलाइन तेवढीच जाड राहते आणि अक्षर आतून खाते. ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ नाहीशी होऊन ‘वर्ष’चे ‘वर्प’ होते, अनुस्वार तर दिसतच नाही. टिक केलेली असली तरी ए-३ वरचा १४ पॉइंटचा (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचे माप) मजकूर ए-५ वर ७ पॉइंटचा होतो आणि जोडाक्षरे बुजतात. ९ पॉइंटच्या खाली जाऊ नये. जागा कमी पडली तर मजकूर कापावा. ब्लीडही (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) निम्मे होऊन दीड मिलिमीटर उरते, कटिंग जरा सरकले की कडेला पांढरी पट्टी दिसते. मापे बदलून झाल्यावर ते पुन्हा ३ मिलिमीटर करावे.

फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, नाहीतर ते आकसून येतात. क्यूआर कोड वाचण्याच्या अंतराच्या एक दशांश असावा : तीन मीटरवरून स्कॅन व्हायचा तर ३० सेंटिमीटर.

नमुना फाइल वाटणाऱ्या संस्थांना विनंती आहे की ए मालिका, १ : १.५ आणि आडवा फलक अशा तीन मांडण्या वेगवेगळ्या द्याव्यात.

आपला,
एक मुद्रण व्यावसायिक, कोल्हापूर