घरून काम सुरू झाले, करार ऑफिसातच राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

७ जून २०२१ पासून राज्यात कोविड निर्बंधांची पाच स्तरांची पद्धत लागू झाली आणि खासगी कार्यालयांत किती जणांनी यायचे हे त्या त्या स्तरावर ठरू लागले. ऑफिसात कोणी बसायचे याबद्दल त्याआधीच्या सव्वा वर्षात आदेशांचा पाऊस पडला. पण मार्च २०२० पासून घरी बसून काम करणाऱ्याच्या अटी काय? बहुतेकांकडे त्याबद्दल एचआरचा एक ई-मेल आहे, बस. नियुक्तीपत्रात कामाचे ठिकाण अजून हिंजवडी किंवा अंधेरी, आणि माणूस चिपळूणला नाहीतर लातूरला. घरून काम चालू आहे तोवरच नियुक्तीपत्राला दोन्ही बाजूंच्या सह्यांचे एक पानी पुरवणी पत्र जोडून घ्यावे, हे सुचवण्यासाठी हा पत्रप्रपंच.

घरून कामासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली एक कलम आले. त्यानुसार कामाचे स्वरूप तसे असेल तर प्रसूती रजेनंतर दोघांच्या संमतीने घरून काम देता येते. केंद्राने ३१ डिसेंबर २०२० ला सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा (म्हणजे सेवाशर्तींच्या नमुना नियमांचा) मसुदा काढला, त्यातही घरून काम हे नियुक्तीच्या अटी किंवा आपसांतला करार यांवरच सोडले होते. म्हणजे कायदाच करार दाखवा म्हणतो आणि करार कोणाकडेच नाही!

पण कायदा नाही म्हणजे वेळेलाही बंधन नाही, असा सोयीचा अर्थ काढला जातो, तो चूक आहे. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा २०२१ मध्ये दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होता आणि कामगार कोणत्या खोलीत बसला आहे यावर तो अवलंबून नाही. तेव्हाच्या मर्यादा अशा: दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास सुटी, त्यावर काम झाले तर दुप्पट दराने ओव्हरटाइम आणि तोही तीन महिन्यांत १२५ तासांपर्यंतच. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला काम द्यायचे तर तिची संमती लागते. ती लेखी ठेवावी. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि गोपनीय पदांना यातून सूट आहे, पण अशा पदांची यादी आस्थापनेने प्रसिद्ध करायची असते. नावापुढे ‘मॅनेजर’ लावले की सूट मिळाली असे होत नाही. अडचण पुराव्याची येते. ऑफिसात कार्ड पंच होत असे. घरी लॉग-इनची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि तंटा झाला की ती कामगाराच्या हाती लागत नाही. म्हणून पुरवणी पत्रात वेळ लिहावी आणि महिन्याची हजेरी दर महिन्याला ई-मेलने मिळावी असेही लिहून घ्यावे.

आता पैशांचे. सगळ्यात जास्त फटका घरभाडे भत्त्यात बसणार आहे आणि तो अनेकांच्या अजून ध्यानात आलेला नाही. मूळ पगार महिना ४०,००० आणि भत्ता १६,००० असलेला माणूस पुण्यात १५,००० भाडे भरत होता असे धरू. भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा केले की ११,००० उरतात, तेवढा भत्ता करमुक्त. एप्रिल २०२० मध्ये खोली सोडून तो गावी गेला आणि दहा महिने तिथेच राहिला, तर १,१०,००० ची सूट गेली. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह २२,८८० रुपये कर. कंपनीने भाड्याच्या जुन्याच घोषणापत्रावर टीडीएस (पगारातून कापायचा कर) कापला असेल तर फरक स्वतः भरावा लागतो, वर व्याज. तेव्हा विवरणपत्र भरताना फॉर्म १६ (कंपनी देते तो पगार व कापलेल्या कराचा दाखला) डोळे झाकून उचलू नये. आणखी एक खोच अशी की या करसवलतीची मर्यादा (महानगरांत मूळ पगाराच्या ५० टक्के, इतरत्र ४० टक्के) ऑफिसच्या शहरावर नाही, घराच्या शहरावर ठरते. मुंबईची नोकरी करून सांगलीत भाड्याने राहणाऱ्याला ४० टक्केच. आईवडिलांना भाडे द्यायला हरकत नाही, पण ते बँकेतून खरोखर गेले पाहिजे आणि त्यांच्या उत्पन्नात दिसले पाहिजे. (नवी करप्रणाली लागू असलेल्यांना ही सूटच नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.)

खुर्ची-टेबलासाठी कंपनीने ८,००० रुपये रोख दिले तर ते सगळे पगारात धरले जातात. तीच खुर्ची कंपनीने स्वतःच्या नावावर घेऊन वापरायला दिली तर करपात्र मूल्य वर्षाला किमतीच्या १० टक्के, म्हणजे ८०० रुपये. कंपनीच्या लॅपटॉपवर काहीच नाही. फोन-इंटरनेटचे पैसे बिलावर परत मिळाले तर करमुक्त, ठोक भत्ता म्हणून मिळाले तर करपात्र. खर्च तोच, फक्त देण्याची रीत बदलायची. तरीही बहुतेक कंपन्या रोखीचाच सोपा रस्ता धरतात.

लाईट आणि नेट गेले तर तो दिवस कोणाचा, हे लिहिलेले नसते. जून २०२० मधले निसर्ग आणि मे २०२१ मधले तौक्ते, या दोन्ही वादळांत कोकणातली गावेच्या गावे अंधारात होती. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो, त्याला छोटा यूपीएस लावला की दोन-तीन तास निघतात. पण राउटरचे दिवे लुकलुकत असूनही नेट बंद, हा अनुभव गावोगाव येतो. कारण केबलवाल्याचा खांबावरच्या डब्यातला स्विचही त्याच लाईटवर चालतो. म्हणून दुसरी सोय मोबाइल डेटाची हवी. तासाभराचा व्हिडिओ कॉल एक जीबीच्या आसपास खातो, रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये दुसरी मीटिंग पुरी होत नाही. कॅमेरा बंद ठेवायची मुभा आणि वीज गेल्याचे किती तासांत कळवायचे, ही दोन वाक्ये पत्रात असली तर पगार कापण्याचे निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याच्या २०१३ च्या व्याख्येत राहते घरही कामाच्या ठिकाणात येते. व्हिडिओ कॉलवरचा किंवा रात्री अकराच्या मेसेजचा प्रकारही कंपनीच्या अंतर्गत तक्रार समितीकडे नेता येतो. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन. स्क्रीनशॉट आणि मूळ मेसेज दोन्ही जपून ठेवावेत, केवळ स्क्रीनशॉटवर शंका घेतली जाते.

अपघाताबद्दल कायदा अजून चाचपडतोच आहे. ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) मर्यादा मासिक २१,००० पगाराची, आणि तिथेही इजा कामामुळे व कामाच्या दरम्यान झाली हे दाखवावे लागते. घरात साक्षीदार कोण? त्याच दिवशी वेळेसह ई-मेलने कळवणे एवढाच पुरावा उरतो. त्यावरच्या पगाराच्या लोकांनी कंपनीची गट अपघात पॉलिसी मागून घ्यावी आणि तिच्यात घरचा पत्ता धरला आहे का ते पाहावे.

पुरवणी पत्रात शेवटी ऑफिसात परत बोलावण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, हे असायलाच हवे. गावाकडून कुटुंबासह परतून खोली, डिपॉझिट, मुलांची शाळा जमवायला ३० दिवसही अपुरे पडतात. ‘सोमवारपासून या’ असे मेल जून २०२१ मध्येच फिरू लागले होते. राज्याच्या कामगार विभागाने अशा पत्राचा मराठी नमुना कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर टाकावा. त्याला ना अध्यादेश लागतो, ना खर्च.

आपले विश्वासू,
कामगार व करविषयक सल्लागार, पुणे