सुधीरला, अळंबीबद्दल

नाशिक,
श्रावण

प्रिय सुधीर,

तुझ्या सोसायटीच्या हिरवळीवरच्या अळंबीच्या छत्र्यांचा फोटो मिळाला. फोनवर बोललोच आहे, तरी कागदावर पुन्हा लिहितो: त्या खाऊ नका. पांढरी, ताटलीएवढी छत्री, वर तपकिरी खवले, दांड्यावर वरखाली सरकणारं कडं आणि बागेतल्या गवतात रिंगण धरून उगवणं, ही सगळी लक्षणं क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस या जातीची आहेत. पावसाळ्यात शहरांतल्या हिरवळींवर ती हमखास येते. दिसायला इतकी सुरेख असते, की माणूस भाजीच्या विचारानेच वाकतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. लहान मुलांना तर सलाइन लावायची वेळ येते.

पण नुसत्या फोटोवरून मी छातीठोकपणे काही सांगणार नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर तू ऐकूही नकोस. स्वतः बघ. पूर्ण उघडलेली एक छत्री दांड्यापासून कापून घे, छत्रीखालच्या पातळ पडद्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेव आणि वर काचेचा वाडगा उपडा घाल. रात्रभरात कागदावर बीजाणूंची भुकटी पडते. ती शेवाळी हिरवट निघाली तर शंकेला जागा उरत नाही, कारण हिरवी भुकटी देणाऱ्या जाती फारच थोड्या. छत्री कोवळी असताना खालचे पडदे पांढरेच असतात, हिरवट झाक नंतर येते. म्हणून नुसत्या पडद्यांच्या रंगावर जाऊ नकोस.

आता तुझा खरा प्रश्न. मागे इथे येऊन नागलीच्या भाकरीबरोबर जी भाजी खाल्लीस, ती अळंबी पुण्यात गॅलरीत लावता येईल का? नाही येणार. तिचं बी कुठे विकत मिळत नाही आणि मिळालं असतं तरी तुझ्या कुंडीत ती उगवली नसती. ती वाळवीची शेती आहे.

हे मी अलंकारिक बोलत नाही. आपण ज्यांना वारुळं म्हणतो, त्यांतली बरीचशी ओडोन्टोटर्मिस जातीच्या वाळवीने बांधलेली असतात. वाळवी वाळकी पानं, काड्या, लाकूड खाऊन आत नेते आणि अर्धवट पचलेल्या त्या मालाचे मेंदूसारखे सुरकुतलेले, स्पंजासारखे गोळे रचते. त्या गोळ्यांवर एकच बुरशी वाढते, टर्मिटोमायसिस. तू खाल्लेली अळंबी ही तिचीच छत्री. लाकूड पचवायचं काम बुरशी करते, वाळवी तिच्यावर जगते आणि बदल्यात तिला ऊब, ओलावा आणि खाणं पुरवते. दोघांचा हा संसार आफ्रिकेत साधारण ३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला. रॉजेर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या बुरशीला स्वतंत्र कूळ म्हणून नाव दिलं. प्रयोगशाळेत तिचे तंतू वाढतात, पण वाळवीशिवाय छत्री उगवून घेऊन तिची बाजारात विकण्याजोगी शेती करणं अजून साधलेलं नाही. मला यात काही उणं वाटत नाही. एखादी चव मिळवायला त्या जागीच जावं लागतं, हे मला आवडतं.

ती जागा म्हणजे हरसूलच्या बाजूची रानं. नाशिक शहरात पाऊस बेताचा, पण त्र्यंबक ओलांडून घाटमाथ्याकडे सरकलं की आषाढात ढग जमिनीला टेकलेले असतात. तिथल्या एका पाड्यावरच्या मावशींच्या मागे मी रानात फिरतो. पाऊस दोन दिवस झोडपून उघडला आणि ऊन पडून उकडायला लागलं, की त्या पहाटे निघतात. त्या अळंबी शोधत नाहीत, वारुळं बघून येतात. कोणत्या बांधाला, कोणत्या सादड्याच्या झाडाखाली गेल्या साली आलं होतं, ते त्यांच्या डोक्यात असतं, कारण खाली वाळवीचं घर जिवंत आहे तोवर त्याच जागी दरसाल येतं. ज्या जागी त्यांच्या आईने काढली होती, तिथेच आज त्या काढतात.

वारूळ मात्र कधी खणत नाहीत. नागपंचमीला त्याचीच पूजा असते, हा एक भाग. पण त्या हेही सांगतात, की खणलं तर पुढल्या साली काय खाणार? दांड्याभोवतीची माती बोटांनी सैल करायची, हलका पीळ द्यायचा आणि वर ओढायचं. खालची मुळी हातभर लांब असली तर ती तुटून आत राहते, राहू द्यायची.

ही मुळी हीच ओळखीची पहिली खूण. टर्मिटोमायसिसचा दांडा जमिनीत निमुळता होत थेट वाळवीच्या गोळ्यापर्यंत उतरतो. छत्रीच्या मध्यावर टोकदार, टणक उंचवटा असतो, त्यानेच ती माती फोडून वर येते. पडदे पांढरे, वयाबरोबर गुलाबीसर होतात आणि भुकटीही फिकट गुलाबी पडते. तळाशी गोल कांदा किंवा पिशवी नसते. उपटल्यावर दांड्याच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखं आवरण दिसलं, तर ती अमानिटा या कुळातली, म्हणजे विषारी असू शकते आणि तिथून हात मागे घ्यायचा. म्हणूनच अनोळखी छत्री जमिनीलगत कापू नये, बुडासकट काढून बघावी. कापलीस तर जीव वाचवणारी खूण मातीतच राहते.

टर्मिटोमायसिसमध्येही एक धाकटी जात आहे, नखाएवढ्या छत्र्यांची. वाळवी आतले जुने गोळे बाहेर आणून टाकते, त्यावर ती शेकड्यांनी उगवते, जमिनीवर लाह्या सांडाव्यात तशी. तिला लांब मुळी नसते. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये, कारण लहान पांढऱ्या छत्र्यांच्या गर्दीत लेपिओटासारखी विषारी जाती असलेली कुळंही असतात.

सुधीर, हे नीट वाच आणि वहिनींनाही वाचून दाखव. अमानिटा आणि लेपिओटा या कुळांतल्या काही जातींत अमॅटॉक्सिन नावाचं विष असतं. शिजवून, उकळून, वाळवून ते जात नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास माणसाला काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं. घरचे निश्चिंत होतात आणि आत यकृत निकामी होत असतं. उशिरा सुरू झालेली उलटी ही लवकर झालेल्या उलटीपेक्षा जास्त घाबरण्याची गोष्ट आहे. अशा वेळी उरलेली भाजी किंवा कच्ची छत्री बरोबर घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण निळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली, या सगळ्या कसोट्या खोट्या आहेत. अमॅटॉक्सिनने चांदी काळी पडत नाही आणि किडे ती छत्री खुशाल खातात. मावशींकडे अशी एकही कसोटी नाही. त्यांना आठ-दहा प्रकार ओळखीचे आहेत, तेवढेच त्या काढतात. बाकी सगळं, कितीही देखणं असलं तरी, जागेवर राहतं. मी एखादी छत्री दाखवून "ही कुठली?" विचारलं, तर "आम्ही नाही खात" एवढंच म्हणतात. या उत्तरावर माझा जितका विश्वास आहे, तितका मोबाइलच्या कुठल्याही ॲपवर नाही.

घरी लावायचीच असेल तर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, लाव. तीही मुळात रानचीच. पावसाळ्यात मेलेल्या लाकडावर शिंपल्यासारखी एकावर एक येते. १९७४ मध्ये जंडाईक नावाच्या संशोधकांनी हिमालयाच्या पायथ्याशी थोराच्या जातीच्या एका चिकाळ झाडावर सापडलेली धिंगरी लागवडीत आणली आणि पुढे ती देशभर पसरली. तिला वाळवीची गरज नाही, भाताचा पेंढा पुरतो.

पेंढा बोटभर कापून रात्रभर भिजव, मग सत्तर-ऐंशी अंशांच्या पाण्यात तासभर ठेव. निथळून सावलीत पसर. मुठीत घट्ट दाबल्यावर तळवा ओला झाला पण थेंब गळला नाही, की ओल बरोबर आहे. सगळी करामत इथेच आहे, जास्त ओल्या पेंढ्यावर हिरवी बुरशी चढते आणि पिशवी फेकावी लागते. किलोभर सुक्या पेंढ्याला शंभर ग्रॅम बी (म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी) थराथराने घाल, पिशवीला भोकं पाड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेव. पंधरा-वीस दिवसांत आतलं सगळं पांढरंफेक होतं. मग प्लास्टिक कापून काढ, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मार. आता मात्र उजेड आणि खेळती हवा हवी. हवा कोंडली तर दांडे लांबतात आणि छत्र्या चिमुकल्या राहतात. कडा वर वळायच्या आत काढ, नाहीतर बीजाणू उडतात आणि तुझ्या दम्याला ते मुळीच चालायचे नाहीत. आठवड्याच्या अंतराने तीन बहर येतात, मिळून अर्धा-पाऊण किलो तरी निघते.

वारुळावरच्या अळंबीची चव तिला नाही, हे आधीच सांगतो. ती मऊ, सौम्य असते. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात छान लागते, पण नीट शिजव. कच्ची कुठलीच अळंबी खाऊ नये.

बियासाठी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातल्या अळंबी प्रकल्पात चौकशी कर. बी ताजं हवं, पिशवीवरची तारीख बघून घे आणि दाणे पांढऱ्या तंतूंनी मढलेले आहेत ना, ते बघ. हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर परत कर. पेंढा विकत घेऊ नकोस, इगतपुरीकडची भातकापणी झाली की गोणीभर मी पाठवतो. रानात यायचं असेल तर पुढच्या आषाढात रजा टाक. दिवस आधी ठरवता येणार नाही, मावशींचा निरोप आला की मी तुला फोन करीन आणि त्याच रात्री निघावं लागेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंता